पांढऱ्या कोटाचे सोवळे

'नीट'चा निकाल लागला की लातूरपासून पुण्यापर्यंत चौकाचौकांत फलक चढतात. गुलाल उधळला जातो, शिकवणी वर्गांचे मालक पेढे वाटत फिरतात आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पासपोर्ट आकाराच्या चेहऱ्यांचे पीक येते. २०२५ साली ही परीक्षा देशभरातून बावीस लाखांवर मुलामुलींनी दिली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर. म्हणजे अठरा जणांमागे एक जागा. उरलेल्या सतरा जणांचे काय, हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. ते घराघरांत बोलले जाते. एमबीबीएस हुकले तर बीडीएस, तेही नाही तर बीएएमएस, मग बीएचएमएस, मग फिजिओ आणि सगळी दारे बंद झाली तर "निदान नर्सिंगला तरी टाका हो पोरीला." प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ, श्रवणतज्ज्ञ, वाचा उपचारतज्ज्ञ ही नावे तर या यादीत येतही नाहीत. आलीच तर मुलाने तोंड काळे केल्यासारखी दबक्या आवाजात येतात.

ही उतरंड कोणी रचली? कौशल्याने म्हणावे, तर तसे दिसत नाही. रोग्याच्या जिवाला कोण किती उपयोगी पडतो, यावरून म्हणावे, तर तसेही नाही. हृदयावरची बायपास शस्त्रक्रिया घ्या. शल्यविशारद हृदय थांबवतो, तेव्हा रोग्याचे रक्त अंगभर फिरते ठेवणारे यंत्र परफ्युजनिस्टच्या हाती असते. त्याचा हात चुकला तर शल्यविशारदाच्या बोटांतली सारी जादू प्रेतावर चालेल. रक्तपेढीत क्रॉसमॅच करणारा तंत्रज्ञ चुकला तर जीवदान देणारी पिशवीच विष होईल. हत्यारे निर्जंतुक करणाऱ्याने अर्धा तास वाचवला तर जखम आठवड्याने पुवाने भरेल. टाके घालण्याआधी गॉजचा तुकडा न् तुकडा मोजून 'काउंट बरोबर' असे सांगितल्याशिवाय छाती मिटू न देणारी सिस्टर तिथे उभी असते. दुसऱ्या दिवशी रोग्याला उठवून बसवणारी, त्याच्या छातीवर थापट्या मारून खोकायला लावणारी फिजिओथेरपिस्ट येते. पहाटे तीन वाजता मॉनिटरवरची रेघ बदललेली सर्वांत आधी पाहते, तीही पुन्हा सिस्टरच. आणि घरी जाताना नातेवाईक पेढ्यांचा पुडा घेऊन कोणाच्या केबिनबाहेर उभे राहतात? एकाच्या. बाकीच्यांची नावेही त्यांना ठाऊक नसतात आणि ती सांगावीत असे रुग्णालयालाही वाटत नाही. बिलात मात्र त्या प्रत्येकाच्या कामाचे पैसे लावलेले असतात!

आमचे म्हणणे असे की ही उतरंड शिक्षणाची नाही, सोवळ्याची आहे. मलमूत्र, रक्त, पू आणि प्रेत यांच्या जो जितका जवळ, तो तितका खालचा, हा आमच्या समाजाचा शेकडो वर्षांचा नियम. डॉक्टरकीच्या पदवीने एका माणसापुरता तो शिथिल केला. जानवे घातलेल्याच्या हाताला प्रेत चिरायची मुभा मिळाली, कारण त्या हाताला प्रतिष्ठा, मोटार आणि हुंडा लागून येत होता. पण बेडपॅन उचलणारा हात, लघवीची बाटली तपासणारा हात, मेलेल्याचे डोळे मिटवणारा हात ओवळाच राहिला. आज रुग्णालयाच्या दारावर कोणी कोणाची जात विचारत नाही. विचारायची गरजही नाही. पगारपत्रक पाहिले की पुरते.

इतिहासाची साक्ष काढा. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. वर्षाच्या आत क्षयाने गेल्या. त्यांच्यावर कादंबरी झाली, नाटक झाले, मालिका झाली, चित्रपट झाला आणि ते सारे योग्यच झाले. पण पाचच वर्षांनी, १८९१ मध्ये, मुंबईच्या कामा रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला बाई काशीबाई गणपत नावाची एक बाई दाखल झाली. भारतीय परिचारिकांत पहिली म्हणून तिची नोंद सापडते. तिच्याविषयी मराठी वाचकाला काय ठाऊक आहे? एक ओळ नाही. तिचा पुतळा नाही, तिच्या नावाचा रस्ता नाही, शाळेच्या पुस्तकात धडा नाही. ज्या समाजात बाईने घराबाहेर पडून परक्या पुरुषाच्या रोगट अंगाला हात लावणे म्हणजे कुळाला बट्टा होता, त्या समाजात तिने ते केले. हे धाडस बोटीने अमेरिकेला जाण्याहून किती कमी होते, ते आम्हाला कोणी समजावून सांगावे.

रमाबाई रानडे यांना हे कळले होते. १९०९ मध्ये पुण्याला सेवासदन उभे राहिले तेव्हा तिथल्या बायकांना, त्यांतल्या विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. उच्चवर्णीय पुण्याने नाके मुरडली. रमाबाईंनी ती मुरडू दिली. आणि त्याआधी बारा वर्षे, प्लेगच्या पुण्यात सावित्रीबाई फुले काय करत होत्या? डॉक्टर होते ते यशवंतराव, त्यांचे दत्तक पुत्र. सावित्रीबाई रोगी आणून पोचवत होत्या. मुंढव्याकडून गाठीच्या तापाने फणफणलेले दलित वस्तीतले पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. आज त्यांच्या नावाने विद्यापीठ आहे, जयंतीला मंत्र्यांची रांग लागते. पण सावित्रीबाईंनी केलेले ते काम आजच्या सरकारी रुग्णालयात जो करतो, त्याला कोणते पद आहे? स्ट्रेचर ओढणारा कंत्राटी कामगार. पगार ठेकेदाराच्या मर्जीवर.

परिचारिकांचेच पुढे पाहू, कारण या उतरंडीत सर्वांत मोठी संख्या आणि सर्वांत मोठी लूट त्यांचीच आहे. मुंबई-पुण्याची मोठमोठी रुग्णालये कितीतरी वर्षे केरळच्या सिस्टरांच्या खांद्यावर उभी राहिली. केरळच्या मुली आल्या, मराठी शिकल्या, आमच्या आईवडिलांची पाठ पुसली. पुढे आखातात, इंग्लंडात, अमेरिकेत गेल्या आणि त्यांच्या पगारावर त्यांच्या गावी घरे उभी राहिली. तेव्हा मराठी घरे काय म्हणत होती? "रात्रपाळी असते, मुलगी हाताबाहेर जाईल." लग्नाच्या बाजारात 'नर्स आहे' हे सांगताना आजही वधूपित्याचा आवाज खाली येतो. तीच मुलगी डॉक्टर असती आणि तितक्याच रात्रपाळ्या करत असती तर पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापली गेली असती! आता २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आणि रुग्णालयांतले तंत्रज्ञ यांनाही मागणी. म्हणजे श्टुटगार्टच्या म्हाताऱ्यांना आमच्या मुलींची किंमत कळली. मुंबईच्या मंत्रालयाला ती विमानतळावर निरोप देतानाच कळते.

कळत असती तर सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनात लक्ष घालावे लागले नसते. न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सांगितले की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही ते वीस हजारांखाली जाऊ नये. हे २०१६ चे वीस हजार. आज तालुक्याच्या गावी कोणत्याही नर्सिंग होममध्ये जाऊन विचारा, सिस्टरला काय देता? उत्तर ऐकून मान खाली जाईल. आणि ती सिस्टर नोंदणीकृत असेलच, याचीही हमी नाही. बारावी झालेल्या गरजू मुलीला पांढरा गणवेश चढवायचा, सलाईन लावायला शिकवायचे आणि 'स्टाफ' म्हणून उभे करायचे, हा धंदा राजरोस चालतो. रोग्याला वाटते सिस्टर आली. मुलीला वाटते नोकरी लागली. फसतात दोघेही. नफा ज्याचा व्हायचा त्याचा होतो.

सरकारी वॉर्डाची गोष्ट निराळी नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक असा की शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक परिचारिका असावी. कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनरल वॉर्डात रात्री दहानंतर जाऊन मोजा. खाटांवर रोगी, खाटांखाली रोगी, जिन्याच्या वळणावर गादी टाकून रोगी आणि त्या साऱ्यांना पुरणाऱ्या सिस्टर किती, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. ही तूट निवासी डॉक्टरांनाही भोवते. रक्त काढायला माणूस नाही म्हणून तो रक्त काढतो, नमुना पोचवायला माणूस नाही म्हणून जिने चढतो, ट्रॉली ढकलायला कोणी नाही म्हणून ढकलतो. सलग छत्तीस तास उभा असलेला हा पोरगा रोगी तपासणार कधी? डॉक्टरांच्या संघटनांनी सिस्टरच्या भरतीसाठी खरे तर स्वतःच रस्त्यावर यायला हवे होते. २०२२ मध्ये परिचारिकांनी बाह्यस्रोताच्या भरतीविरुद्ध संप केला तेव्हा त्यांच्या बाजूने पांढऱ्या कोटांचा किती मोठा मोर्चा निघाला, ते आम्ही डोळ्यांत तेल घालून शोधले. सापडला नाही.

आणि अपघात घडला की पहिली मान कोणाची कापली जाते? ९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. दहा बाळे गेली. चौकशीत बोट वळले ते बाळांना ऊब देणाऱ्या विजेच्या उपकरणाकडे. या उपकरणांची देखभाल करणारा बायोमेडिकल अभियंता, वीज तपासणारा तंत्रज्ञ, अग्निसुरक्षेचा अधिकारी हे आरोग्यव्यवस्थेचे घटक आहेत, हे त्या राखेतून तरी कोणाला दिसायला हवे होते. अधिकाऱ्यांना निलंबन मिळाले, तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला, अकरा कोविड रुग्ण गेले. अटक कोणाला? एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. परिचारिकांनी चूक केली असेल तर कायदा आपले काम करो, आमची हरकत नाही. पण जे पद मंजूर करायचे, भरायचे, ज्याला पगार द्यायचा, ते ज्यांनी वर्षानुवर्षे केले नाही त्यांच्यावर कोणते कलम लावायचे? दंडविधानात ते कलमच नाही. असते तर मंत्रालयाचे कितीतरी मजले रिकामे झाले असते.

मधल्या थराकडे वळू. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या पलीकडे पन्नासहून अधिक आरोग्यव्यवसाय आहेत, हे आमच्या संसदेला २०२१ मध्ये उमगले. त्या साली मार्चमध्ये राष्ट्रीय सहाय्यक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला. प्रयोगशाळा, क्षकिरण, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, डोळ्यांची तपासणी, आहारशास्त्र, मानसिक आरोग्य, शस्त्रक्रियागृहाचे तंत्रज्ञान, वैद्यकीय नोंदी असे दहा गट त्यात पाडले. किती तासांचे शिक्षण, कोणती परीक्षा, कोणाची नोंदणी, हे सारे ठरणार होते. स्वातंत्र्याच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी का होईना, पण शहाणपण आले, असे वाटले. पुढे? पुढे काही नाही. राज्यांनी परिषदा नेमायच्या होत्या. कित्येकांनी नेमल्या नाहीत, ज्यांनी नेमल्या त्यांच्या कागदावर राहिल्या. शेवटी २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना फटकारले आणि अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत घातली. तीन वर्षे मंजूर कायदा फडताळात पडून राहतो आणि कोणाची झोप मोडत नाही, कारण ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना आवाज नाही.

आवाज नाही, पण बाजार आहे. या पोकळीत गल्लोगल्ली 'पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट' उगवल्या. भाड्याच्या दोन खोल्या, एक मायक्रोस्कोप, दूरच्या कोणत्या तरी विद्यापीठाचा शिक्का आणि 'शंभर टक्के नोकरी'ची पाटी. शेत विकून बाप फी भरतो. मुलगा प्रमाणपत्र घेऊन प्रयोगशाळेत उभा राहतो आणि आठ हजारांवर राबतो. प्रयोगशाळेचा अहवाल नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टच्या सहीनेच निघाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरात सांगितले. मग पॅथॉलॉजिस्टची सही स्कॅन होऊन संगणकात बसली. सही एका गावात, पॅथॉलॉजिस्ट दुसऱ्या, रोग्याचे रक्त तिसऱ्या! औषधाच्या दुकानाचीही हीच तऱ्हा. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषध देता येत नाही. म्हणून फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि त्याचे महिन्याचे भाडे त्याला घरपोच जाते. काउंटरवर दहावी झालेला पोरगा गोळ्यांची पट्टी कात्रीने कापत असतो. ज्या व्यवसायाला समाजाने मान दिला नाही, त्याच्या परवान्याला भाडे तेवढे दिले.

आणि सरकारची अक्कल कुठे चालते? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावामागे 'डॉ.' लावू नये, असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. त्यांच्या जागा भरल्या का, जिल्हा रुग्णालयांत पदे आहेत का, अर्धांगवायूच्या रोग्याला घरी सोडताना त्याच्याबरोबर कोण जाते, यावर असे तातडीचे पत्र आमच्या तरी पाहण्यात आले नाही. सोवळ्याला धक्का लागला तेव्हा मात्र चोवीस तासांत दोन पत्रे निघाली.

वास्तविक आपल्या देशात फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांचे माहेर मुंबईच आहे, हे सांगितले तर आजच्या विद्यार्थ्याला नवल वाटेल. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नाने निंबकर झालेल्या कमलाबाईंनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. आशियातली ती पहिली मानली जाते. पोलिओच्या साथीनंतर पाठोपाठ त्याच आवारात फिजिओथेरपीचेही शिक्षण सुरू झाले. हात गेलेल्याला पुन्हा घास उचलायला, पाय लुळा पडलेल्या पोराला पुन्हा शाळेची पायरी चढायला शिकवणे हे औषधाइतकेच उपचाराचे अंग आहे, हे कमलाबाईंनी पाऊणशे वर्षांपूर्वी या शहरात रुजवले. आज बीड, नंदुरबार, वाशीमच्या माणसाला झटका आला तर रुग्णालय त्याचा जीव वाचवते आणि अंग खाटेवर टाकून मोकळे होते. घरी बायको तेल चोळते. गावातला मांत्रिक लिंबू उतरवतो. एखादा ऑक्युपेशनल थेरपिस्ट तालुक्याला असता तर तो माणूस सहा महिन्यांत पुन्हा दुकानावर बसला असता. या नुकसानीची मोजणी कोणत्याच खात्यात होत नाही, कारण तो माणूस मेलेला नसतो.

कारागिराचे तर विचारूच नका. 'जयपूर फूट'ने लाखो पाय गमावलेल्यांना चालते केले. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला डॉ. प्र. क. सेठी यांना आणि ते त्याला पात्रच होते. पण ज्या जेमतेम शिकलेल्या कारागिराच्या, मास्टर रामचंद्र शर्मांच्या बोटांतून तो पाय घडला, त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? उकिडवे बसता आले पाहिजे, अनवाणी चिखलात चालता आले पाहिजे, ही भारतीय पायाची गरज ओळखून रबर आणि लाकूड यांचा मेळ घालणे याला विज्ञान म्हणायचे नाही तर कशाला?

आता त्या सर्वांत खालच्या पायरीकडे येतो, कारण खरा पुरावा तिथेच आहे. जामखेड. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दुष्काळी तालुक्यात आले आणि त्यांनी गावच्याच बायकांना, अक्षरशत्रू आणि त्यांतल्या पुष्कळ दलित बायकांना, आरोग्यसेविका केले. ज्या घरात तिच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या घरातले बाळंतपण तिच्या हातून होऊ लागले. औषधाबरोबर विटाळही निघाला. जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांनी जामखेडची वाट धरली. मग गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. थोडेफार शिकलेल्या बायका नवजात बाळाचा श्वास मोजू लागल्या, अंगाची ऊब पाहू लागल्या आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही देऊ लागल्या. तीन वर्षांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापले. त्या बायकांच्या हातात इंजेक्शन दिले म्हणून त्या काळी भल्याभल्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. बाळे जगली, त्याचे काय करायचे, हे त्या भुवयांना आजतागायत ठरवता आलेले नाही.

मग देशाने काय केले? याच धर्तीवर २००५ मध्ये 'आशा' आणली, २०११ पासून घरोघरी नवजात बाळाची काळजी तिच्यावर सोपवली आणि तिला नाव दिले स्वयंसेविका. हजार लोकसंख्येमागे एक बाई. गरोदर बाईची नोंद तिने करायची, लसीकरणाला घरोघर तिने हिंडायचे, क्षयरोग्याला गोळ्या तिने द्यायच्या, कोविडमध्ये दारोदार ताप तिने मोजायचा, सर्वेक्षणाचे कागद तिने भरायचे. नोकरी? नाही. पेन्शन? नाही. कामागणिक मोबदला, तोही महिनोन्महिने उशिरा. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने आशांना पुरस्कार दिला, दिल्लीने टाळ्या वाजवल्या. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात मोबदलावाढीची घोषणा झाली आणि तिचा शासन निर्णय पदरात पाडून घ्यायला याच बायकांना २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानावर रात्री काढाव्या लागल्या. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी सिस्टर, तंत्रज्ञ, फार्मासिस्ट यांनाही तेच. दहा वर्षे झालेल्यांना सेवेत सामावून घेण्याचा निर्णय २०२४ चा, आणि तो अमलात यावा म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांना पुन्हा संप! या राज्यात शासन निर्णय निघणे आणि तो पाळला जाणे यांच्यामध्ये एक मैदान लागते.

झाडूची गोष्ट सांगितल्याशिवाय ही उतरंड पुरी होत नाही. रुग्णालयात संसर्ग रोखणारा पहिला माणूस सफाई कामगार. सुया, रक्ताळलेले बोळे, कापून काढलेले अवयव यांची विल्हेवाट तो लावतो. अनेक सरकारी शवागारांत प्रेत उघडण्याचे कामही प्रत्यक्षात त्याच्याच हातून होते, डॉक्टर नोंद करतो. या कामाला प्रशिक्षण, प्रमाणपत्र, बढती काय आहे? काही नाही. आहे तो वारसा. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी बापाच्या जागी मुलाला झाडू मिळण्याची सोय केली. कामगारांनी ती घट्ट धरली, त्यात त्यांचा दोष नाही. दुसरे दारच उघडे नसेल तर आहे ते दार कोण सोडेल? प्रश्न असा की त्याच कामगाराच्या मुलीला निर्जंतुकीकरण तंत्रज्ञ, शवविच्छेदन सहायक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून शिकवून वर नेणारा एक तरी जिना सरकारने बांधला का? पेशा वारशाने देणाऱ्या व्यवस्थेला आमच्या देशात एक जुने नाव आहे. ते उच्चारायची गरज नाही.

डॉक्टरांच्या संघटना लगेच म्हणतील, हे सारे मान्य केले तर भोंदूंचे फावेल. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातल्या बत्तिसाव्या कलमाने मर्यादित औषधोपचार करणाऱ्या सामुदायिक आरोग्यसेवकाला परवाना देण्याची वाट काढली, तेव्हा याच मुद्द्यावर देशभर दवाखाने बंद ठेवले गेले. त्या कलमात उणिवा होत्या, व्याख्या ढिली होती, हे आम्हीही म्हणतो. पण भोंदू आज नाहीत काय? मेळघाटात, सुरगाण्यात, भामरागडात जो 'डॉक्टर' सलाईन लावतो, त्याच्या भिंतीवर कोणत्या विद्यापीठाची पदवी आहे? शिकवलेला, नोंदवलेला, जबाबदार धरता येणारा माणूस तुम्ही तिथे जाऊ दिला नाही, म्हणून न शिकलेला गेला. स्वतः जायचे नाही आणि दुसऱ्यालाही जाऊ द्यायचे नाही, या वृत्तीला रुग्णहित म्हणण्याचे धैर्य आमच्यात नाही.

तेव्हा राज्यकर्त्यांनो, मागणी ऐका. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांचे वेतन २०१६ च्या शिफारशीप्रमाणे आणि आजच्या महागाईप्रमाणे कायद्याने बांधा आणि जो नर्सिंग होमवाला नोंदणी नसलेल्या मुलीला गणवेश चढवेल त्याचा परवाना काढून घ्या. रोगी-परिचारिका प्रमाण हा दंडक पुस्तकातून वॉर्डाच्या दारावर आणा, तिथे रोजच्या रोज ते आकडे लिहा, नातेवाईकांना वाचू द्या. २०२१ च्या कायद्याची राज्य परिषद मनुष्यबळ आणि पैसा देऊन चालती करा आणि बनावट 'इन्स्टिट्यूट'ना कुलपे ठोका. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मानसोपचार समुपदेशक यांची कायम पदे निर्माण करा. ठेकेदाराच्या यादीतली नकोत, सरकारच्या पगारपत्रकावरची हवीत. धर्मादाय रुग्णालयांतल्या दहा टक्के मोफत आणि दहा टक्के सवलतीच्या खाटा गरिबापर्यंत पोचवणारा वैद्यकीय समाजसेवक मालकाचा नोकर न ठेवता धर्मादाय आयुक्तांना जबाबदार करा. आशाला कर्मचारी म्हणा. दहावी-बारावी झालेल्या आशाला एएनएम, एएनएमला जीएनएम, जीएनएमला बीएस्सी असा जिना खुला करा आणि शिकत असताना तिचा मोबदला बुडवू नका.

मुलांच्या बापांनाही चार शब्द. तुमचा मुलगा 'नीट'मध्ये तिसऱ्यांदा बसतो आहे. घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद, त्याचे हसणे बंद. चाळीस-पन्नास लाखांची खासगी जागा घेण्यासाठी तुम्ही जमीन काढायला निघालात. त्याआधी एकदा त्याला विचारा, तुला रोगी बरा करायचा आहे, की पाटी लावायची आहे? रोगी बरा करायचा असेल तर त्याला श्रवणयंत्र बसवणारा, श्वासाचे यंत्र चालवणारा, मुक्या पोराला बोलते करणारा, कॅन्सरच्या रोग्याला किरण देणारा होता येईल. आणि त्या पदांना पगार नसेल तर पगारासाठी सरकारशी भांडा. शिकवणीसाठी कोटा शहरात घेतलेल्या खोलीच्या भाड्यासाठी सावकाराशी भांडण्यापेक्षा ते भांडण जास्त फायद्याचे ठरेल.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी एका दिवसात महाराष्ट्रातल्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन केले. त्यांत गडचिरोली आहे, वाशीम आहे, हिंगोली आहे आणि भंडाराही आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या आमदाराला आपल्या जिल्ह्यात एमबीबीएसच्या जागा हव्यात. आम्हालाही हव्यात. पण त्या प्रत्येक महाविद्यालयाच्या आवारात परिचर्या आणि सहायक आरोग्यव्यवसायांचे महाविद्यालय त्याच तारखेला का उघडू नये? आता येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आरोग्यमंत्री आणि वैद्यकीय शिक्षणमंत्री या दोघांनी सभागृहाच्या पटलावर एक तक्ता ठेवावा. प्रत्येक सरकारी रुग्णालयात परिचारिकांची, तंत्रज्ञांची, बायोमेडिकल अभियंत्यांची, फार्मासिस्टांची, थेरपिस्टांची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आणि रिकामी कोणत्या तारखेपासून. हा तक्ता हातात नसेल, तर पुढची कोनशिला बसवायला कोणत्याही मंत्र्याने भंडाऱ्याला पाऊल टाकू नये.